चकतीवर बसवा

अव्वा एका सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "मला त्येंचा आवाज आठवंना झालाय."

"कुणाचा?" मी विचारलं, आणि विचारल्याबरोबर स्वतःचाच राग आला. अव्वा नाव न घेता ‘त्येंचा’ म्हणते तो माणूस एकच होता.

"रूप दिसतंय. मिशी दिसतीया, टोपी दिसतीया. पर बोलाय लागलं की नुसतं तोंड हलतंय." तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि पुढचा गोळा हातात घेतला. रडली वगैरे नाही. अव्वा रडत नाही, ती कामाचा वेग वाढवते. त्या दिवशी दोघींच्या घरात पाचसहा जणांना पुरतील एवढ्या भाकरी झाल्या.

अव्वा म्हणजे माझी आई आणि अप्पा म्हणजे वडील. आम्ही मूळचे हुपरीचे, लिंगायत. कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळे आमच्या घरात हाका कानडी आणि भांडणं मराठी. त्यातून आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखी अव्वा स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो, मी जेवलो’ असंच म्हणते. माझ्या विद्यार्थिनींना त्याचं हसू येतं, आणि मला त्यांच्या हसण्याचं. अप्पा पैंजणं करायचे. त्याला आम्ही कारखाना म्हणायचो, म्हणजे घराचीच पुढची खोली. चार वर्षांपूर्वी ते गेले, कारखाना धाकट्या भावानं सांभाळला आणि अव्वा माझ्याकडे राजारामपुरीत राहायला आली. मी एकटीच असते, त्यामुळे तिला हुकूम सोडायला घर मोकळं मिळालं.

आवाज शोधायचा म्हणजे कुठं शोधायचा? अप्पांना फोनचा तिटकारा. फोनवर ते ‘व्हय’ आणि ‘बरं’ एवढेच शब्द वापरत आणि तिसरा शब्द यायच्या आत फोन भावाच्या हातात देत. माझ्या मोबाईलमध्ये त्यांचे फोटो होते, सगळ्यांत ते पोलिसांनी धरून आणल्यासारखे उभे. आवाज एकाही ठिकाणी नव्हता. मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "अक्का, घरभरणीची टेप हाय की."

नवं घर बांधलं तेव्हा भावानं एका मित्राकडून कॅमेरा मागून आणला होता. लहान कॅसेटचा, हातात धरायचा. घरभरणीचं सगळं काढून झाल्यावर टेप थोडी उरली. वाया कशाला घालवायची म्हणून त्यानं दुसऱ्या दिवशी कारखान्यात बसलेल्या अप्पांना काढलं होतं. कॅमेरा परत गेला, कॅसेट मात्र कपाटात एका पत्र्याच्या डब्यात राहिली. त्यानंतर ती कुणी पाहिली नव्हती, कारण पाहायला आमच्याकडं काही नव्हतंच.

आता अशी कॅसेट चालवणारा कॅमेरा मिळवणं म्हणजे दिवसा चंद्र मागण्यातला प्रकार. आमच्या गल्लीत पूर्वी लग्नांची शूटिंग करणारे एक गृहस्थ आहेत. हल्ली ते मोबाईलची कव्हरं विकतात. त्यांच्या माळ्यावर तसला कॅमेरा निघाला. देताना म्हणाले, "म्याडम, टेप जुनी हाय. एकदाच लावायची आन काय घ्यायचं ते घ्यायचं. मागंपुढं करत बसला तर गुंडाळंल आतल्या आत. मग मला बोलायचं न्हाय."

ते ‘एकदाच’ मी घरी येईपर्यंत घोकत आले.

माझा राजारामपुरीत संगणकाचा क्लास आहे. तिथल्या सगळ्या मशीनवर मी खुली सॉफ्टवेअर वापरते. लोक त्यांना ‘फुकटची’ म्हणतात आणि मला संताप येतो. एका पालकांनी तर मला विचारलं होतं, की फुकटचंच शिकवता तर फी कशाची घेता. त्यांना मी चटणीचं उदाहरण दिलं. दुकानातलं चटणीचं पाकीट आणलं तर ती जशी आहे तशी खायची. मीठ जास्त झालंय म्हणून आपल्याला रडता येतं, कमी करता येत नाही. पण शेजारणीनं आपली कृतीच सांगून टाकली, तर लसूण वाढवा, खोबरं कमी करा, ती रागवत नाही. खुलं सॉफ्टवेअर म्हणजे सांगून टाकलेली कृती. त्या पालकांनी मान डोलावली आणि मुलीला दुसऱ्या क्लासला घातलं.

एका रविवारी क्लास बंद होता, तेव्हा मी एकटीच जाऊन बसले. अव्वाला नेलं नाही. टेप तुटली असती तर ते तिच्यासमोर नको होतं. कॅमेरा जुन्या मशीनला जोडला, टेप मशीनमध्ये उतरवून घेणारं सॉफ्टवेअर सुरू केलं आणि बटण दाबलं. आधी मांडव, पंगत, कुणाची तरी पाठ. मग एकदम कारखाना आला.

अप्पा फळीवर बसलेले, समोर कोळशाची शेगडी, हातात चिमटा. मागून भावाचा आवाज, "अप्पा, बोला की कायतरी."

"काय बोलू? काम करालोय, दिसंना व्हय?"

मी खुर्चीत बसल्या बसल्या सरळ झाले. माझ्या नकळत माझा हात टेबलावरची पसारा झालेली वायर आवरायला लागला होता. अप्पांच्या त्या सुरात कुणी बोललं की आमच्या घरात आपोआप आवराआवर व्हायची. मग ते बोलत गेले. पैंजणाला घुंगरू कसं बसवायचं, जोड कुठं द्यायचा, हल्लीच्या लोकांना सगळं हलकं कसं पाहिजे असतं, पैंजण हाय का दोरा हाय कळत न्हाय. असं कुरकुरत, मान वर न करता. शेवटी त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि कॅमेऱ्याकडं पाहिलं. "साकु. बंद कर की आता. किती काढतोस?" साकु म्हणजे पुरे. कानडीतला हा शब्द अप्पांनी उच्चारला की विषय संपत असे.

"केलं बंद," भाऊ म्हणाला. पण केलंच नव्हतं. त्यानं कॅमेरा तसाच चालू फडताळात ठेवला आणि निघून गेला. चित्र आडवं झालं. शेगडीची कड, फळीचं टोक आणि खालची फरशी, एवढंच दिसत राहिलं. थोड्या वेळानं लुगड्याचा काठ आला आणि चहाची कपबशी खाली टेकली. अव्वा होती.

मग अप्पांचा आवाज आला. आधीचा नव्हे, मी कधीच न ऐकलेला. "दमलीस न्हवं?"

तिनं कपबशी पुढं सरकवली.

"बस हितं. पाय लांब कर. कोन न्हाय."

आणि फरशीवर दोन पाय हळूच लांब झाले. तळवे कॅमेऱ्याकडं, टाचा फुटलेल्या. टेप संपेपर्यंत ते तसेच होते.

आमच्या घरात अव्वाला पाय लांब करून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आज्जी होती तोवर तर प्रश्नच नव्हता, पण नंतरही नाही. अप्पांसमोर ती उभीच असायची, नाहीतर उकिडवी. आणि अप्पा आमच्यादेखत तिच्याशी सरळ बोलत नसत. ‘चहा’ म्हणायचे, तेही भिंतीला सांगितल्यासारखं. मी लहानपणी त्यांच्यावर याचा राग धरला होता. तो राग मी बरीच वर्षं छान जपून ठेवला होता, आणि आता तिथं बसून मला कळेना की त्याचं करायचं काय. मला खूप बरं वाटलं आणि खूप अवघडल्यासारखंही झालं.

अव्वाला मी सांगितलं एवढंच, की आवाज मिळाला. पुढचं सांगितलं नाही. तिनं स्वतः पाहावं अशी माझी इच्छा होती.

मोबाईलवर दाखवणं सोपं होतं, पण अव्वाला मोबाईल पटत नाही. "त्यात मानूस बोटाएवढं दिसतंय," असं तिचं म्हणणं. तिला हवं होतं टीव्हीवर, अप्पांनी घेतलेल्या डिस्क प्लेअरवर. तो तिनं हुपरीहून येताना मांडीवर घेऊन आणला होता आणि त्याचा रिमोट तिला येतो. त्याला पेनड्राइव्ह चालत नाही. म्हणजे डिस्क करणं आलं. कोऱ्या डिस्क शोधायला मला निम्मी बाजारपेठ पालथी घालावी लागली. दुकानदार माझ्याकडं असे बघत, जणू मी रॉकेल मागतेय.

नुसती फाईल डिस्कवर टाकून जुना प्लेअर ऐकत नाही. त्याला लागेल त्या स्वरूपात चित्र बदलावं लागतं, आणि उघडल्यावर दिसायला एक पान करावं लागतं. त्या पानावर फोटो आणि ‘सुरू’ असं बटण. हे सगळं करणारं खुलं सॉफ्टवेअर माझ्याकडं होतं. पहिल्या प्रयत्नात चित्राची रुंदी चुकली आणि अप्पा आडवे पसरून एखाद्या पतपेढीच्या चेअरमनसारखे दिसायला लागले. ती दुरुस्त केली. पुढच्या रविवारी दुपारी मी अव्वाला क्लासमध्ये घेऊन गेले. शेवटचं बटण तिच्यासमोर दाबावं, एवढीच हौस.

ती माझ्या शेजारी खुर्चीच्या कडेवर बसली. पडद्यावर डावीकडं अप्पांचा चेहरा थांबवलेला होता, टोपी थोडी मागं सरकलेली. अव्वा त्याच्याकडं पाहत राहिली. मग तिची नजर खालच्या बटणावर गेली. मुलांना सोपं जावं म्हणून मी क्लासमधलं सगळं मराठीत ठेवते. अव्वा चौथी शिकलेली आहे, अक्षरं लावत वाचते.

"च-क-ती जा-ळा." ती थांबली. "जाळा?"

"हो, ते दाबलं की झालं," मी म्हटलं आणि दाबलं. पडद्यावर चौकट आली: ‘तुम्हाला नक्की जाळायचे आहे का?’ खाली ‘होय’ आणि ‘नाही’. आणि मागं अप्पांचा चेहरा.

अव्वानं माझं मनगट धरलं. "कुनाला जाळालीयास गं?"

मी हसले. हा शब्द आमच्या क्लासमधला जुना विनोद. डिस्कवर लिहिण्याला इंग्रजीत बर्न म्हणतात. कुणीतरी भल्या माणसानं शब्दकोश उघडून त्याचं सरळ ‘जाळा’ केलं होतं. मुलं त्यावर वाट्टेल ते बोलायची. मी अव्वाला समजावलं, की आत बारीक प्रकाश असतो, तो चकतीवर खुणा भाजतो, इंग्रजीत असंच म्हणतात.

"इंग्रजाच्यात जाळत असतील," अव्वा म्हणाली. "आमच्यात जाळत न्हाईत."

इंग्रजही पुरतातच, हे माझ्या ओठावर आलं होतं. पण तोवर मी तिच्याकडं पाहिलं आणि माझं हसू गेलं.

आमच्यात माणूस गेलं की त्याला बसवतात. मांडी घालून, कपाळाला विभूती लावून, हातात इष्टलिंग देऊन, जिवंतपणी पूजेला बसतो तसंच मातीत बसवतात. अप्पांनाही बसवलं. अव्वानं शेवटची बेलाची पानं वाहिली आणि त्यांची टोपी सरळ केली होती, तेही मला आठवलं. चार वर्षं तिच्या मनात अप्पा तिथं नीट बसलेले होते. आणि मी त्यांचा चेहरा पडद्यावर मांडून खाली लिहून आणलं होतं, जाळायचं का?

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मला नको आवाज. चल घरी."

ती खरंच उठली. तिनं पिशवी घेतली आणि चपलेत पाय घातला. तिचा स्वभाव मला माहीत आहे. त्या दाराबाहेर ती पडली असती तर अप्पांचा आवाज तिनं पुन्हा मागितला नसता. मला भयंकर राग आला. त्या भाषांतर करणाऱ्याचा आला, शब्दकोशाचा आला, आणि हसलेल्या माझा तर फारच. आणि रागातच मला सुचलं, की अरे, कृती तर आपल्याकडं आहे. मीठ कमी करता येतं.

"बस," मी म्हटलं. "शब्द बदलते."

"बदलता येतंय?"

"येतं. काय लिहू?"

अशा सॉफ्टवेअरबरोबर भाषेची एक साधी फाईल असते. एका ओळीत इंग्रजी, खालच्या ओळीत मराठी. मी ती उघडली. ‘जाळा’ त्यात बऱ्याच ठिकाणी होतं: जाळणे सुरू, जाळणे पूर्ण, जाळता आले नाही. अव्वा चप्पल काढून परत आली, पण बसली नाही.

"लिहा?" मी विचारलं.

"लिवत्यात वहीत."

"कोरा?"

"कोरी हायच की ती. परत कोरा काय?"

मला आवडलेला शब्द मी शेवटी काढला. "उमटवा."

"मांजराची पावलं उमटत्यात दुधाच्या सायीवर," अव्वा म्हणाली आणि तो शब्दही गेला. मी वैतागून म्हटलं, मग तूच सांग. तिनं पडद्यावरच्या अप्पांकडं पाहिलं. थोड्या वेळानं म्हणाली, "बसवा म्हन की. घुंगरू बसवत्यात, खडा बसवत्यात."

घुंगरू आणि खडा एवढंच ती बोलली. आणखी कुणाला बसवतात ते ती बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही. मी ‘चकतीवर बसवा’ असं लिहिलं, बदललेली फाईल परत सॉफ्टवेअरमध्ये घातली आणि सॉफ्टवेअर नव्यानं सुरू केलं. चौकट आली: ‘चकतीवर नक्की बसवायचे आहे का?’ अव्वानं ती सावकाश पुरती वाचली. मग ती खुर्चीत टेकली.

"दाब."

डिस्क बाहेर आली ती गरम होती. अव्वानं ती पदरात घेतली आणि घरी येईपर्यंत रिक्षात तशीच धरून ठेवली.

पुढं मी तो शब्द त्या सॉफ्टवेअरच्या मराठी गटाला सुचवला. हे गट म्हणजे कुठकुठले लोक, एकमेकांना न पाहिलेले, नोकरी सांभाळून मराठी करणारे. एकानं लिहिलं, ‘बसवा’ आपण इन्स्टॉलसाठी राखून ठेवलाय. दुसऱ्यानं लिहिलं, बर्न म्हणजे जाळणेच, यात भावनेचा प्रश्न कुठं येतो? मी एक लांबलचक उत्तर लिहिलं, त्यात त्याचा उद्धार केला आणि मग ते खोडून टाकलं. तो बिचारा चुकीचं काहीच म्हणत नव्हता. त्याच्या घरी बर्न म्हणजे जाळणेच असणार. माझा शब्द काही स्वीकारला गेला नाही. पण त्यानं माझं अडलं नाही. जगात ज्याला जाळायचं त्यानं जाळावं, राजारामपुरीतल्या माझ्या क्लासमध्ये सगळी मशीन चकतीवर बसवतात. एवढं स्वातंत्र्य मला दुसऱ्या कुठल्याच दुकानदारानं दिलं नसतं.

डिस्क झाली त्याच दिवशी घरी आल्यावर अव्वानं ती लावली. मला म्हणाली, तू बस लांब. ती टीव्हीपुढं फरशीवर गुडघे उभे करून बसली. मांडव आला, पंगत आली, तिनं गेलेल्या माणसांची नावं घेतली. मग कारखाना आला.

"काय बोलू? काम करालोय, दिसंना व्हय?"

अव्वा खळखळून हसली. मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल असं. "बघ की! बघ की कसं बोलत्यात!" असं टीव्हीलाच म्हणाली. मग तोंडावर पदर धरून ऐकत राहिली. घुंगराचं ऐकलं, हलक्या पैंजणांचं ऐकलं. मी मागं बसून पुढच्या क्षणाची वाट पाहत होते.

"साकु. बंद कर की आता. किती काढतोस?"

अव्वानं रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

मला वाटलं, चुकून झालं. पण ती उठली, डिस्क काढून खोक्यात ठेवली आणि चहा टाकायला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आता ते रोजचंच झालं. मी आत पोळ्या लाटत असले की बाहेरून अप्पांचं ‘बंद कर की आता’ ऐकू येई आणि लगेच टीव्ही गप्प. जन्मभर त्यांनी सांगितलेलं ऐकलं, आता गेल्यावरही ऐकते म्हणून मी चिडायचे. ज्यासाठी एवढी उस्तवार केली ते पुढंच होतं. तिनं ते ऐकलंच नाही तर काय उपयोग? ते एक वाक्य कापून नवीन डिस्क करावी, असंही माझ्या मनात आलं. सॉफ्टवेअरला ते काहीच अवघड नव्हतं. मी एकदा क्लासमध्ये फाईल उघडलीसुद्धा, आणि अप्पांचं वाक्य कापायला माझा हात उठेना.

शेवटी एका दुपारी मी तिच्याजवळ जाऊन बसले. अप्पांनी चिमटा खाली ठेवला, वर पाहिलं. साकु, म्हणाले. अव्वाचा हात रिमोटकडं गेला तसा मी तो धरला.

"थांब अव्वा. पुढं अजून आहे. कॅमेरा चालूच राहिला होता. तू चहा घेऊन येतेस आणि अप्पा तुला..."

तिनं माझी बोटं रिमोटवरून सोडवली, एकेक करून, रागावून नव्हे. टीव्ही बंद झाला.

"ठाव हाय की," ती म्हणाली. "मी तिथंच हुतो न्हवं? तेवढं हाय माझ्यापाशी."